बेल घरातच वाजली पाहिजे

वाचकाचे पत्र (संक्षेपाने):

आमची डोंबिवली पूर्वेतील सोसायटी दोन विंगची आहे. स्टिल्टवर सहा मजले, मजल्यावर चार सदनिका, अशी एकूण ४८ घरे आहेत. २००४ मध्ये बिल्डरने बसवून दिलेला इंटरकॉम आता निम्म्या घरांत बंद पडला आहे आणि वॉचमन कोणाला मोबाइलवर फोन करतो, तर कोणाला खालून हाक मारतो. एका कंपनीने स्मार्ट व्हिडिओ इंटरकॉमसाठी दोन पर्याय दिले आहेत. पहिल्यात प्रत्येक घरात सात इंचांचा पडदा असून खर्च ६,४८,००० रुपये आहे. दुसऱ्यात घरात काहीच बसवायचे नाही, सारे मोबाइल ॲपवर चालते आणि खर्च २,१०,००० रुपये आहे. जीएसटी दोन्हींवर वेगळा. दोन्ही पर्यायांत विंगच्या दारांना चुंबकीय कुलूप आहे. आमच्या बी विंगला मात्र ओढायचा जाळीचा दरवाजा आहे. कमिटीचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. अकरा घरांत फक्त ज्येष्ठ नागरिक राहतात आणि त्यांचा विरोध आहे. जुन्या तारा वापरता येतील का, कमिटीला हा निर्णय घेता येईल का आणि कॅमेऱ्यामुळे खासगीपणाचा प्रश्न येईल का, हे कृपया सांगावे. – एक सचिव

सप्रेम नमस्कार.

कोणता पर्याय निवडावा, याचे उत्तर मी आधीच देतो आणि मग त्याची कारणे मांडतो. फक्त ॲपवर चालणारी यंत्रणा घेऊ नका. प्रत्येक घरात भिंतीवर एक उपकरण असू द्या. ते सात इंचांचे नसले तरी चालेल. मोबाइल ॲप ज्याला हवे असेल त्याने ते जोडीला घ्यावे. खाली कोणी आले की बेल घरात वाजली पाहिजे. घरातल्या एका माणसाच्या खिशात ती वाजणे पुरेसे नाही.

हे मी स्वतः भोगून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत फक्त ॲपवर चालणारी व्यवस्था आली, तेव्हा सभेत तिच्या बाजूने मीही हात वर केला होता. नोंदणी घरामागे एकाच मोबाइलची होती आणि आमच्या घरातर्फे माझा क्रमांक दिला गेला. एके दिवशी मी पहाटेच्या गाडीने नाशिकला निघालो होतो आणि आईची उपाशीपोटी रक्ततपासणी ठरलेली होती. लॅबचा मुलगा वेळेवर आला, त्याने खालच्या पॅनेलवर आमच्या घराचा क्रमांक तीनदा दाबला आणि उत्तर न मिळाल्याने तो निघून गेला; त्या वेळी माझी गाडी कसारा घाटात होती आणि फोनला रेंज नव्हती. आईला मधुमेह आहे. ती साडेदहापर्यंत चहाचा घोटही न घेता हॉलमधल्या खुर्चीत बसून राहिली, कारण खाली कोणी येऊन गेले हे तिला कळायला इमारतीत मार्गच उरला नव्हता. मी तिला फोन केला तेव्हा तिचा आवाज थरथरत होता. तुमच्या अकरा घरांचा विरोध हा नव्या गोष्टीची भीती म्हणून बाजूला सारू नका. त्यांना जे दिसते आहे ते कमिटीला अजून दिसलेले नाही, असे मला वाटते.

ॲपची अडचण फक्त रेंजपुरती नाही. फोन आवाज बंद करून ठेवलेला असतो, बॅटरी वाचवण्यासाठी फोन स्वतःच मागे चालणारी ॲप झोपवतो आणि मग सूचना पाच मिनिटांनी येते, किंवा मुलगा बंगळुरूला असतो आणि दार उघडायचे की नाही हे तिथून ठरवतो, तर घरात बसलेल्या आईवडिलांना कोण वर येत आहे याचा पत्ताही नसतो. सोसायटीचे ब्रॉडबँड बंद पडले की अशा बहुतेक व्यवस्था आंधळ्या होतात. याउलट, घरातले उपकरण आणि दारावरचे पॅनेल इमारतीतल्या इमारतीत तारेने जोडलेले असतील, तर बाहेरचे इंटरनेट असो वा नसो, बेल वाजते, चेहरा दिसतो आणि दार उघडता येते. म्हणून कोटेशन देणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हा विचारा की, इंटरनेटची तार काढून टाकली तर काय काय चालू राहील. आणि उत्तर तोंडी न घेता, त्यांनी पूर्वी बसवलेल्या एखाद्या इमारतीत ती तार खरोखर काढून दाखवायला सांगा.

आता तारांविषयी. पुढच्या रविवारी एखाद्या वायरमनला सोबत घेऊन तळाची डक्ट उघडा आणि इंटरकॉमच्या जंक्शन बॉक्सचे झाकण स्वतः काढून पाहा. वीस वर्षांत कोणी हात न लावलेल्या अशा पेटीत बहुधा एकच दृश्य असते: कोपऱ्यात झुरळांची अंडी, दोन-दोन तारा पिळून त्यांवर गुंडाळलेली काळी चिकटपट्टी, तिचा वितळलेला डिंक बोटांना लागतो, आणि पट्टी सोडवली की आतले तांबे हिरवे पडलेले. तुमची निम्मी घरे मुकी झाली आहेत, त्यांतल्या बऱ्याच घरांचा दोष वॉचमनच्या केबिनमधल्या ईपीएबीएक्समध्ये (इंटरकॉमचे कॉल जोडणाऱ्या यंत्रात) नसून अशा जोडांमध्ये असण्याची शक्यता मोठी आहे. त्यामुळे जोड नव्याने करून जुना इंटरकॉम आणखी काही महिने चालवता येईल. हे काम थोड्या खर्चात होते आणि तुम्हाला घाईने निर्णय घ्यावा लागत नाही. म्हणून ते आधी करून घ्या.

मात्र त्या तारांवर चित्र चालेल का, हा वेगळा प्रश्न आहे. तुमच्याकडे प्रत्येक घराला टेलिफोनच्या तारेची एक जोडी गेलेली असणार आणि ती तार साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते. आवाजासाठी ती पुरते. दोन तारांवर चित्र, आवाज आणि वीज एकत्र नेणाऱ्या व्हिडिओ इंटरकॉमच्या यंत्रणाही बाजारात आहेत आणि त्यांचे विक्रेते जुनीच तार चालेल असे सांगतात. पण बारीक तारेतून लांबवर वीज नेली की व्होल्टेज पडते आणि सहाव्या मजल्यावरचा पडदा लुकलुकतो किंवा मध्येच बंद होतो. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी विक्रेत्याने सर्वांत लांबच्या घरात, म्हणजे पॅनेलपासून तारेचे अंतर जिथे सर्वाधिक भरते त्या सहाव्या मजल्यावरच्या सदनिकेत, एक उपकरण आठवडाभर चालवून दाखवावे, ही अट घाला. जो याला तयार होत नाही, त्याचा त्या तारेवर विश्वास नाही असे समजा.

नवी तार टाकायची असेल, तर माझी पसंती कॅट-सिक्स केबलवर (संगणकांच्या नेटवर्कसाठी वापरतात तिच्यावर) चालणाऱ्या आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणाऱ्या, यंत्रणेला आहे. हीच केबल उपकरणाला वीजही देते, त्यामुळे घराघरांत वेगळा ॲडॉप्टर लागत नाही. तिच्या सर्वसाधारण मानकानुसार एका जोडणीवर १५.४ वॅट इतकी वीज पाठवता येते आणि घरातल्या पडद्याला ती पुरेशी असते. स्विचपासून (सगळ्या केबल जिथे जोडल्या जातात त्या नेटवर्कच्या पेटीपासून) उपकरणापर्यंतची मर्यादा १०० मीटर आहे, म्हणजे तुमच्या सहा मजल्यांच्या विंगेत ती आड येणार नाही. येथे एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल कॅट-सिक्स म्हणून सर्रास विकली जाते आणि बाहेरून ती अगदी तशीच दिसते. तिची एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढरट धातू दिसला, तर पूर्ण बंडल परत पाठवा. अशा केबलमधून वीज नेली की ती तापते आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तिचे जोड लवकर गंजतात. कोटेशनमध्ये 'शुद्ध तांब्याची केबल' हे शब्द लिहून घ्या. तसेच वॉचमनची केबिन इमारतीपासून दूर असेल, तर केबिन ते विंग हे अंतर फायबरने जोडा; उघड्या आवारातून गेलेल्या तांब्याच्या तारेतून विजेचा झटका इमारतीत शिरतो आणि जूनच्या पहिल्या गडगडाटातच स्विच जळतात.

कुलपाचा विषय सर्वांत जपून हाताळण्याचा आहे, कारण तिथे चूक झाली तर माणसे आत अडकतात. चुंबकीय कुलूप वीज असेपर्यंतच दार धरून ठेवते. वीज गेली की दार सुटते. आग लागली असता हेच योग्य असते आणि म्हणून जिन्याकडून बाहेर पडण्याच्या वाटेवर याच प्रकारचे कुलूप असावे. देखभालीसाठी दुपारभर वीज बंद असते तेव्हा दार उघडे राहू नये म्हणून कुलूप, पॅनेल आणि स्विच या तिघांना यूपीएसवर ठेवा, आणि ती बॅटरी किती तास पुरेल हे करारात लिहून घ्या. दाराच्या आतल्या बाजूस बाहेर पडण्याचे साधे बटण तर हवेच, शिवाय काच दाबून किंवा फोडून वापरायचे एक आपत्कालीन बटण हवे, आणि त्याने कुलपाची वीज थेट तोडली पाहिजे. ते संगणकीय यंत्रणेला केवळ निरोप देणारे असेल तर कामाचे नाही, कारण नेमक्या त्याच वेळी ती यंत्रणा बंद पडलेली असू शकते.

आणखी एक खाचाखोचा, जी विक्रेते आपणहून सांगत नाहीत. कुलूप उघडणारा रिले (कुलपाची वीज जोडणारा-तोडणारा छोटा भाग) पुष्कळदा बाहेरच्या पॅनेलच्या आतच असतो. तसे असेल तर कोणीही चार स्क्रू काढून, पॅनेल भिंतीवरून ओढून, मागच्या दोन तारांशी खेळ केला की दार उघडते. मग पडदा आणि कॅमेरा कितीही उत्तम असला तरी काय उपयोग? रिले दाराच्या आतल्या बाजूस, बंद पेटीत बसवणारी यंत्रणाच घ्या.

बी विंगच्या ओढायच्या जाळीच्या दरवाजावर हे कुलूप नीट बसणार नाही. चुंबक आणि त्याची पट्टी हे दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांना पूर्ण चिकटले तरच त्याची पकड मिळते, आणि जाळीचा दरवाजा रोज थोडा वेगळ्या जागी येऊन थांबतो. तिथे आधी बिजागरीचे, आपोआप मिटणारे, बाहेरच्या दिशेने उघडणारे दार बसवावे लागेल. तो खर्च कोटेशनमध्ये आहे का, हे विचारा. तुमच्या पत्रावरून तरी तो धरलेला दिसत नाही.

पॅनेलची जागा दुपारी चार वाजता उभे राहून ठरवा. दार पश्चिमेला असेल, तर येणाऱ्याच्या पाठीमागे ऊन असते आणि पडद्यावर चेहऱ्याच्या जागी काळी आकृती दिसते. प्रखर उजेडाशी जुळवून घेणारा कॅमेरा मागा आणि त्याच वेळी त्याची चाचणी घ्या. वर पत्र्याची छोटी पडवी असू द्या, कारण पावसाची झड बटणांत शिरली की श्रावणापर्यंत पॅनेल टिकत नाही. दूधवाला, पेपरवाला आणि कामाला येणाऱ्या मावश्या यांच्यासाठी कार्ड द्यावीत. सर्वांचा मिळून एकच पिन ठेवू नये, कारण तो महिन्याभरात साऱ्या गल्लीला ठाऊक होतो. कार्डांतही जुन्या १२५ किलोहर्ट्झ प्रकाराची नक्कल सहज करता येते, म्हणून सांकेतिक सुरक्षा असलेली १३.५६ मेगाहर्ट्झची कार्डे मागा. एखाद्याचे काम सुटले, की तेवढे एकच कार्ड रद्द करता येते.

खासगीपणाविषयी तुम्ही विचारलेत हे चांगले केलेत. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पण कायद्याचे कलम शोधण्याआधी शेजारधर्म पाळला, तरी बरेच प्रश्न उद्भवत नाहीत. कॅमेऱ्याच्या टप्प्यात कोणा तळमजल्याच्या घराची खिडकी किंवा समोरच्या इमारतीचा व्हरांडा येत असेल, तर तेवढा भाग झाकून टाकण्याची सोय बहुतेक यंत्रणांत असते, ती वापरा. दारावर कॅमेरा असल्याची मराठी पाटी लावा. चित्रण किती दिवस ठेवायचे, ते कोण पाहू शकेल आणि कोणाच्या लेखी अर्जावर, हे ठरावात नमूद करा. पंधरा ते तीस दिवस पुरेसे होतात. चित्रफीत सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्यास स्पष्ट बंदी असावी. आणि घरकाम करणाऱ्या बायकांचे चेहरे किंवा बोटांचे ठसे यंत्रात भरून घेण्याची कल्पना कोणी मांडली, तर तिला ठाम नकार द्या. कार्डाने जे काम होते, त्यासाठी त्या बायकांच्या शरीराच्या खुणा कोणा कंपनीच्या सर्व्हरवर कायमच्या पाठवण्याचे काहीच कारण नाही. त्यांना नकार देणे अवघड जाते, म्हणून तो आपण द्यायचा.

कमिटीला हा निर्णय एकट्याने घेता येणार नाही. शासनाच्या आदर्श उपविधींनुसार २६ ते ५० सभासदांच्या सोसायटीत कमिटीला सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय एका वेळी ५०,००० रुपयांपर्यंतच खर्च करता येतो. तुमचे नोंदणीकृत उपविधी काढून त्यातला आकडा एकदा पडताळून पाहा. विशेष सर्वसाधारण सभेसाठी पूर्ण पाच दिवसांची सूचना द्यावी लागते, पण या विषयाला दोन आठवडे द्या आणि सूचनेसोबत निदान तीन कोटेशनांचा तक्ता जोडा. सिंकिंग फंडाला हात लावू नका. तो इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी आणि पुनर्बांधणीसाठी राखलेला पैसा आहे, आणि २००४ च्या इमारतीला त्याची गरज लवकरच पडणार आहे. वर्गणी घरटी समान ठेवावी, असे माझे मत आहे, कारण एक खोली असो वा तीन, बेल प्रत्येक घरात एकच वाजते. भाडेकरूंनाही मालकांइतकीच कार्डे आणि तेच उपकरण मिळाले पाहिजे.

आता पैशाकडे पाहू, कारण कमिटीचा कल त्यामुळेच दुसऱ्या पर्यायाकडे आहे. कोटेशनवरचा आकडा बाजूला ठेवा आणि पाच वर्षांचा हिशेब मांडा. १८ टक्के जीएसटी धरून पहिला पर्याय ७,६४,६४० रुपयांना पडतो. दुसऱ्या वर्षापासून एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) मूळ किमतीच्या आठ टक्के, करासह, असे धरले, तर चार वर्षांचे २,०७,३६० रुपये होतात. एकूण ९,७२,००० रुपये, म्हणजे घरटी २०,२५० रुपये. दुसरा पर्याय जीएसटीसह २,४७,८०० रुपयांचा, त्यावर त्याच दराने एएमसी ६७,२०० रुपये; पण तिथे ॲपचे भाडे सर्वांनाच भरावे लागते. ते घरटी महिना ६० रुपये असेल आणि पहिले वर्ष मोफत असेल, तर पुढच्या चार वर्षांचे १,३८,२४० रुपये होतात आणि एकूण खर्च ४,५३,२४० रुपयांवर जातो. २,१०,००० म्हणून सांगितलेली वस्तू दुपटीहून अधिक पडते. तरीही ती स्वस्त आहे, हे मी नाकारत नाही. दोन्हींतला फरक महिन्याला घरटी सुमारे १८० रुपये येतो. एएमसीचा दर आणि ॲपचे भाडे हे मी धरलेले आकडे आहेत. तुमच्या विक्रेत्याकडून खरे आकडे घेऊन तक्ता पुन्हा मांडा. सात इंचांऐवजी ४.३ इंचांचा पडदा घेतला, तर पहिल्या पर्यायाचा खर्च आणखी खाली येऊ शकतो. चेहरा ओळखायला तेवढा पडदा पुरतो. सभेत हा तक्ता वाचून दाखवा आणि मग विचारा की, अकरा घरांतल्या ज्येष्ठांना बेल ऐकू यावी यासाठी महिन्याला १८० रुपये जास्त आहेत का. माझा अनुभव असा आहे की, आकडा एवढ्या स्पष्टपणे समोर आला की तरुण सभासदच आधी हात वर करतात.

करारात दोन गोष्टी विसरू नका. यंत्रणेचा मुख्य पासवर्ड सोसायटीच्या नावे असावा, कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि नवा पासवर्ड बंद पाकिटात सोसायटीच्या कपाटात राहावा, म्हणजे उद्या एएमसीवाला बदलला तरी दार तुमचेच राहील. दुसरी गोष्ट, डक्टमधल्या प्रत्येक केबलवर घराचा क्रमांक लिहिलेली पट्टी आणि सगळ्या जोडण्यांचा एक नकाशा, हे दोन्ही बिलासोबत मागा. आजची जुनी पेटी उघडल्यावर त्याची किंमत तुम्हाला आपोआप कळेल.

नवी यंत्रणा चालू झाली तरी जुना इंटरकॉम दोन महिने काढू नका. आणि शेवटचे दहा टक्के पैसे एका कागदावर ४८ सह्या आल्यावरच द्या. प्रत्येक घरात विक्रेत्याच्या माणसाने जावे, खालून बेल द्यावी, आणि दुपारच्या वेळी त्या घरात जे कोणी असते, मग त्या आजी असोत, सून असो वा दहावीतला नातू, त्याने स्वतःच्या हाताने बटण दाबून खालचे दार उघडून दाखवावे. सही त्याच माणसाची घ्या, सदनिकेच्या मालकाची नको.